किडक्या फांदीची शोकांतिका

एका जंगलात, मुलांनो, नाटकाचं फार वेड होतं. रोज संध्याकाळी ऐनाच्या उंच झाडाखाली तालीम चाले. रानडुक्कर ढोल बडवी, कोल्हा गाणी म्हणे आणि बाकीचे प्राणी दोघांच्या चुका काढत.

त्याच ऐनाच्या शेंड्यावर तांबी नावाची शेकरीण राहत होती. शेकरू म्हणजे ती मोठी, तांबूस खार.

तिचा नवरा झेप्या नुकताच गेला होता. नेहमीची उडी मारली. फांदी किडकी निघाली. एवढंच.

तांबीला एकच गोष्ट हवी होती. एक संध्याकाळ ढोल बंद राहावा.

पण जंगलाचा नियम असा, की ढोल थांबायचा तो फक्त शोकनायकासाठी. शोकनायक कोण, हे धनेशराव ठरवत. धनेश पक्ष्याच्या चोचीवर आणखी एक चोच असते, म्हणून ते विद्वान.

तांबी त्यांच्याकडे गेली.

"वाघोबा गेले तेव्हा पंधरवडाभर ढोल बंद होता," ती म्हणाली.

"वाघोबांची गोष्ट वेगळी, वहिनी. वीज कडाडली. 'माझ्याहून मोठा आवाज कुणाचा?' म्हणून त्यांनी कड्यावरून थेट ढगावर झेप घेतली. केवढा अहंकार! केवढं पतन! झेप्या कुठून पडला?"

"वाघोबांच्या कड्याहून उंचावरून."

"उंची कुळाची लागते, झाडाची नव्हे. बरं, तेही सोडू. त्याचा स्वभावदोष काय?"

तांबीने विचार केला. "घोरायचे."

"घोरून कुणाचा सर्वनाश होत नाही. नायकात एकच दोष असतो आणि तोच त्याचा घात करतो. मग बघणाऱ्याला दया येते आणि भीतीही वाटते."

"फांदी किडकी निघते, याची भीती नाही वाटत?"

"तो अपघात, वहिनी. अपघातासाठी ढोल थांबवायचा म्हटलं, तर वाजवायचा कधी? बरं, शेवटचे शब्द तरी?"

"'आलोच' म्हणाले."

रानडुक्कर फिसकन हसलं. "गेला, आणि म्हणे आलोच!"

"जाताना 'जातो' म्हणू नये, डुक्करभाऊ," तांबी म्हणाली. "तुमच्यात म्हणतात का?"

डुक्कर ढोलाकडे वळलं. धनेशरावांनी नकारार्थी मान हलवली. ढोल वाजू लागला.

दुसऱ्या दिवशी तांबी पुन्हा आली.

"आठवलं मला," ती म्हणाली. "फार गर्विष्ठ होते. चंद्रावर घरटं बांधीन म्हणायचे. मी सांगितलं होतं, ती फांदी किडली आहे. तर म्हणाले, 'फांदीची काय बिशाद!'"

धनेशरावांचे पंख फुलले. "काल का नाही बोललात? आणि शेवटचे शब्द?"

तांबीने डोळे मिटले. "'हे नियती,' म्हणाले, 'चूक माझीच होती.'"

"पडता पडता एवढं सगळं?" डुकराने विचारलं.

"झाड उंच आहे," तांबी म्हणाली.

त्या संध्याकाळी ढोल वाजला नाही. धनेशराव झेप्याच्या गर्वावर भरभरून बोलले. सारं जंगल रडलं. ज्या भेकराला झेप्या रोज वरून जांभळं टाकायचा, तेही त्या उर्मट शेकरासाठी हुंदके देत होतं. मग सगळे हलक्या पावलांनी घरी गेले.

तांबी घरट्याच्या तोंडाशी कान टवकारून बसली. पान गळलं तरी कळत होतं. 'आलोच' म्हणून गेलेलं कुणी परत आलं, तर ढोलाच्या दणदणाटात कळायचं कसं, एवढीच तिला काळजी होती.

कुणी आलं नाही. पण आलं असतं, तर ऐकू आलं असतं.

तात्पर्य: मुलांनो, वेळेवारीच एखादा भारदस्त दोष अंगी बाणवून ठेवा. नुसते चांगले राहून गेलात, तर मागे राहिलेल्यांना तुमच्यासाठी दोष शोधत हिंडावं लागतं.