बसल्या जागची गेडी

हे लिहिणारच नव्हतो. दोस्ताची फजिती, आणि तीही अशी की त्यात त्याचं काम गेलं. टाइप करायचो, पुसायचो. पण आता पाड्यात जो तो तिखटमीठ लावून सांगतोय. म्हणून झालं तसं लिहून टाकतो.

रूपेश आमच्या पोशेऱ्याकडच्या पाड्यातला. ठाण्याच्या एका संस्थेचं काम त्याला मिळालं होतं. पाड्यातली निम्मी पोरं पावसाळाभर टॅबवर खेळणार, निम्मी गेडीवर. शेवटी जयश्री मॅडम येऊन बघणार, कुणाचा तोल चांगला, कुणाचे हात चलाख. नीट झालं तर रूपेश कायम. नाही झालं तर दिवाळीनंतर भिवंडीचं गोदाम, गेल्या वर्षीसारखं. गेल्या वर्षी तो होळीला परत आला तेव्हा त्याची राही आईच्या, म्हणजे हौशीच्या, पदराआड लपली होती. "ह्यो कोण?" म्हणून विचारत होती. ते त्याला अजून लागतं.

गेडी म्हणजे पाय ठेवायला खुंटी लावलेले दोन बांबू. चिखलात त्यावर चढून चालायचं. गेडी पावसाची. पोळा आला की ओहोळावर न्यायची, कुंकू लावायचं, नारळ फोडायचा, पाण्यात सोडायची. मग पुढच्या पावसापर्यंत कुणी गेडीवर पाय ठेवत नाही. ठेवला तर पडणारच, असं आमच्याकडे म्हणतात.

गेडीला कुणाची ना नव्हती. टॅबवर अडलं. पाड्यातलं सगळं माघ्या आजाला विचारून होतं. त्याने टॅब उलटा करून बघितला.

"ह्या काचेवर पोरां काय शिकतील रं?"

"तोल, आजा. हा बाहुला बघ, दोरीवरून चालतोय."

"बाहुला चालतोय. आन पोर?"

"पोर बसून चालवतो."

"मंग तोल कोणाचा सुधरेल? बाहुल्याचा?"

रूपेश घामाघूम. मी बाजूला हसू दाबत. शेवटी तो म्हणाला, "आजा, ही पण गेडीच समज. बसल्या जागची गेडी."

आजाने टॅब परत दिला. "गेडी असंल तं मंग गेडीसारखीच वागवा," म्हणाला आणि तंबाखू मळायला लागला. पोरं तिथंच बसून ऐकत होती. पोरं कधी ऐकतात ते आपल्याला कळत नाही.

राही टॅबवाल्यांत होती. तसं निम्मी-निम्मी नावालाच. पाड्यात लाइटचा पत्ता नाही. चार्जिंग संपलं की टॅबवाली पोरं गेडीवर, आणि सोलरवर टॅब चार्ज झाला की गेडीवाली त्यात डोकं घालून. रूपेशने मॅडमना हे सांगितलं नाही.

मॅडम पोळ्याच्या आधी येणार होत्या. दरड पडली, रस्ता बंद झाला, तारीख ढकलली. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येते म्हणाल्या. पोळ्याला रूपेश आणि मी जव्हारला बॅनर आणायला गेलो. परत आलो तर राही दारातच उभी. कपाळाला कुंकू.

"राही, टॅब कुठं हायेत? चार्जिंगला लावायचेत."

"सोडलं."

"कुठं सोडलं?"

"ओहोळात. कुंकू लावून. आमी सगळ्यांनी सोडलं."

रूपेश उंबऱ्यावरच बसला. बॅनर त्याच्या मांडीवर.

"तूच बोललास ना बाबा, बसल्या जागची गेडी? मंग पोळा झाल्यावर घरात कशी ठेवायची?"

  आतून हौशी म्हणाली, "माना वाटला तुमी सांगून गेलाव. नारळ पण दोन मागून नेले पोरांनी. काचंवाल्यांचा येगळा."

आम्ही ओहोळावर पळालो. पाणी तांबडं, जोरात. पोरं मदतीला आली. ती दगडावरून दगडावर उड्या मारत पार पुढे, आणि आम्ही दोघं बसून घसरत मागे. अंधार पडायच्या आत एकच टॅब सापडला, मुळांत अडकलेला. त्यावर खेकडा. चालू व्हायचा प्रश्नच नव्हता. काचेच्या खाचेत कुंकू मात्र तसंच.

सकाळी मॅडम आल्या.

"मॅडम, ते टॅब..." रूपेश म्हणाला.

"चार्ज नाहीत का?"

"आता चालूच होणार नाहीत."

सगळं ऐकून त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.  मग म्हणाल्या, "निदान गेडीचा व्हिडिओ तरी देते ठाण्याला, वरच्यांना. दुसऱ्या गेड्या होतील ना?"

पोरं मागे सरकली. माघ्या आजा म्हणाला, "पोळा झाला, बाय. आता पुढल्या पावसाला."

रूपेशने कोणाकडे बघितलं नाही. कोयता घेतला, बांबू तोडले, खुंट्या बांधल्या आणि स्वतः चढला. लहानपणी हा गेडीवरून अख्खा उतार उतरायचा. पण आता हाताला सवय मोबाइलची. मॅडमनी फोन धरला. हा दोन पावलं चालला, मग एक गेडी चिखलात रुतली. एक गेडी पोशेऱ्याकडे, दुसरी खोडाळ्याकडे आणि "आई गंऽऽ" करत रूपेश मधल्या मध्ये.

कुणी हसलं नाही. मग राही हसली. पोट धरून, चिखलात बसून. "बाबा, पोळा झालाय ना!"

दसऱ्याच्या आसपास मॅडमचा फोन आला. रूपेशने स्पीकरवर लावला.

"व्हिडिओ सगळ्यांना फार आवडला. गेडीचा गेम करायचं ठरलंय टॅबमध्ये. वर्षभर खेळता येईल. बाहुला पडला की आवाज तुमचाच."

"आणि माझं काम?"

"पाड्यातलं काम बंद करतायत. मी खूप बोलले, खरंच."

राही शेजारीच होती. "त्यो पण पोळ्याला सोडायचा ना?" तिने विचारलं. 

दिवाळी झाली. भात कापून झालं. खोडाळ्याच्या स्टँडवर मी त्याला सोडायला गेलो. जीप भरेपर्यंत आम्ही चहा घेतला. पिशवी मांडीवर धरून तो म्हणाला, "पुढल्या पावसात मी नसंन. राहीला गेडी तू करून दे."

"देईन."

"पोळ्याच्या आत चालली पायजे."

"चालंल. पडू देणार नाय मी."

"पडू दे रं. मी पडलो तवा कशी हसली, बघितलास ना? तशी हसली पायजे. विसरायला नको, कोण पडला होता."

जीपवाला हॉर्न मारत होता. मी म्हटलं, "जा तू. नाय हसली तर मी स्वतः चढून पडेन. शब्द."