महाराजांची सम

एका जंगलात, बाळांनो, झाडं कमी झाली होती आणि समित्या वाढल्या होत्या. तिथे टापोजी नावाचा ससा दरबारात तबला वाजवत असे.

टापोजीला एक खोड होती. वाजवताना त्याचा मागचा उजवा पाय दर मात्रेला जमिनीवर आपटायचा. ठप्, ठप्, ठप्. सोळा मात्रा झाल्या की सम यायची. सम म्हणजे तालाची पहिली मात्रा. गाणारा आणि वाजवणारा फिरून फिरून तिथेच भेटतात, आणि ऐकणाऱ्यांची मान आपोआप खाली जाते.

खोडी तशा सगळ्यांनाच होत्या. गाणाऱ्या टिटवीबाई डोळे मिटून एका पायावर उभ्या राहायच्या. पेटीवाल्या अस्वलाचे कान हलायचे. कुणाचं काही बिघडत नव्हतं.

एकदा सकाळच्या मैफलीला वाघमहाराज भरपेट जेवून आले. सातव्या मात्रेला त्यांना डुलकी लागली आणि मान धाडकन खाली आली.

सांस्कृतिक सचिव कोल्हा शेजारीच बसला होता. त्याने झटकन आपली मान टाकली. "वाहवा! काय सम आहे!"

लगेच सगळ्या दरबाराने माना टाकल्या. रेड्याचं शिंग पुढच्या माकडाला लागलं, पण माकडही "वाहवा" म्हणालं.

मैफल संपल्यावर कोल्ह्याने टापोजीला बोलावलं.

"महाराज समेवर आले तेव्हा तू कुठे होतास?"

"सातव्या मात्रेवर, सचिवसाहेब. सोळा मोजायच्या असतात ना."

"महाराज सातात पोचले आणि तुला सोळा लागतात? लाज नाही वाटत?"

"साहेब, महाराजांना झोप..."

"ती समाधी होती! हे बघ, उद्यापासून तुझा पाय वेलीने बांधायचा. आपटलास तर समाधी मोडते. आणि तबल्याकडे बघायचं नाही, महाराजांच्या मानेकडे बघायचं. पुन्हा चुकलास, तर पुढचा तबला तुझ्याच कातड्याने मढवू."

टापोजीचा पाय बांधला. पाय बांधल्यावर त्याच्या हातांना काही सुचेना. तो महाराजांच्या मानेकडे टक लावून बसायचा आणि ती पडली की 'धा' मारायचा. त्याला फार वाईट वाटायचं.

"अहो, पण नोकरी टिकली ना?" त्याची बायको म्हणायची. "आणि अंगावर कातडं आहे. आणखी काय हवं तुम्हाला?"

या नव्या तालाला राजताल असं नाव मिळालं. मोराने मान टाकण्याचे वर्ग काढले. शाळेत तोंडी परीक्षाही सुरू झाली.

"राजतालात मात्रा किती?" गुरुजी विचारायचे.

"आज शिकार कशाची आहे, गुरुजी?"

"डुकराची."

"मग अकरा. सांबराची असती तर सहा."

अशा पोरांना पहिला नंबर मिळायचा.

पुढे महाराजांच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली. मोठी मैफल ठेवली. महाराजांनी त्या दिवशी अख्खी दीड सांबरं खाल्ली होती. टिटवीबाईंनी सूर लावला आणि चौथ्याच मात्रेला महाराजांची मान खाली आली.

"वाहवा!" सगळ्या माना पडल्या.

आता महाराजांच्या आधी मान वर करणं हा राजद्रोह होता. म्हणून सगळे खाली बघत थांबले. बराच वेळ थांबले. मानेकडे बघायची परवानगी फक्त टापोजीला होती. त्याने पाहिलं, एक माशी महाराजांच्या एका नाकपुडीतून आत गेली, आरामात हिंडली आणि दुसरीतून बाहेर आली.

टापोजी कोल्ह्याच्या कानाशी वाकला. "सचिवसाहेब, महाराज गेले."

"चूप!" कोल्हा खाली बघतच म्हणाला. "अतिविलंबित लय आहे. तुला कळायची नाही."

टापोजीने इकडेतिकडे पाहिलं. साऱ्या दरबारात एकही डोळा त्याच्याकडे नव्हता. मग त्याने वेल कुरतडली. पाय मोकळा झाला आणि त्याला रडूच आलं.

ठप्, ठप्, ठप्. सोळा मात्रा. टिटवीबाईंनी डोळे मिटूनच तो पाय ओळखला. गाण्याचा मुखडा घेऊन त्या निघाल्या आणि दोघे बरोब्बर समेवर भेटले. कितीतरी वर्षांनी त्या जंगलात खरी सम आली होती. टापोजीच्या अंगावर काटा उभा राहिला.

मान एकाचीही हलली नाही.

फक्त कोल्ह्याने खाली मान घालूनच कागद ओढला आणि आदेश लिहिला: 'तबलजी ससा महाराजांच्या आधी समेवर आला. सबब आजपासून त्याला कामावरून कमी करण्यात येत आहे.'

तात्पर्य: मुलांनो, मोजायला कधीही शिकू नका. वरच्यांची मान कधी पडते, तेवढं बघावं आणि आपलीही टाकावी. ती पुन्हा वर आलीच नाही, तरी तोवर आपल्याला पेन्शन लागलेलं असतं.