बेसमेंट नसलेला जयदीप

तर २००९ची गोष्ट, इथली, कॅनडातल्या बर्नाबीतली. जयदीपला टीम लीड व्हायचं होतं. म्हणजे काम तो तीन वर्षं लीडचंच करत होता, फक्त तसं म्हणायची परवानगी नव्हती. शेवटी जागा निघाली, आणि तिच्यामागोमाग कंपनीचं धोरण निघालं: लीड होणाऱ्याच्या मनाची आधी तपासणी.

तपासायला हेदर नावाची कन्सल्टंट आली. तिने समजावलं, मन म्हणजे इथलं साधं घर. खाली बेसमेंटमध्ये इड राहतो, तो नुसता 'मला हवं, आत्ता हवं' करतो. वर माळ्यावर सुपरइगो, तो म्हणतो 'लोक काय म्हणतील.' आणि मधल्या मजल्यावर बिचारा इगो, दोघांची भांडणं सोडवत. एवढं बोलून तिने डोनटचा खोका पुढे केला. "घे ना."

"नको, आत्ताच खाऊन आलो," जयदीप म्हणाला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. पण पहिल्यांदा 'नको' म्हणायचं, दुसऱ्यांदा 'बरं, अर्धा' म्हणायचं, हे तो नागपूरहून शिकून आलेला. तो दुसऱ्यांदा विचारायची वाट बघत बसला. हेदरने खोका बंद केला. नको म्हटल्यावर पुन्हा विचारणं तिच्याकडे असभ्य.

रिपोर्ट आला: 'इड शून्य. बेसमेंट आढळले नाही. इच्छाच नसलेल्या व्यक्तीस लीड करता येत नाही.'

अपिलाचा फॉर्म होता. 'आपणास काय हवे आहे?' जयदीपने लिहिलं, 'कंपनीला योग्य वाटेल ते.'

बायकोने, अनुयाने, कपाळाला हात लावला. "अरे, सरळ लिही ना, मला लीड हवंय."

"असं कसं लिहू? बरं दिसतं का ते?"

दुसरा रिपोर्ट: इड पुन्हा शून्य, वर सुपरइगोने तिन्ही मजले बळकावलेले. आता नियमाप्रमाणे सुपरइगोचं ना हरकत पत्र लागणार होतं. हेदरने पेन उघडलं. "तुझा सुपरइगो राहतो कुठे?"

"नागपूरला, धरमपेठेत. रविवारी सकाळी वेबकॅमवर येतो."

रविवारी आई स्क्रीनवर आली, ठेवणीतली साडी नेसून. हेदरने विचारलं, "तुमच्या मुलाला काही हवंसं वाटलं, तर तुमची हरकत आहे का?"

जयदीपने ते मराठीत विचारलं. आईचा ऊर भरून आला. "नाही जी, आमचा जयदीप तसला नाहीच. लहानपणापासून ह्याने कधी काही मागितलं नाही."

हे इंग्लिशमध्ये सांगायचं कामही जयदीपचंच. खोटं सांगायची सोय नव्हती, आई बघत होती.

फाइल बंद. लीड झाला शेजारच्या क्युबिकलमधला गंधार. त्याने दोन डोनट खाल्ले होते आणि तिसरा घरी नेऊ का म्हणून विचारलं होतं. त्याच्या रिपोर्टमध्ये 'प्रशस्त बेसमेंट' असा शेरा आहे.

"तुला वाईट नाही ना वाटलं?" गंधारने विचारलं.

"छे रे, मला कुठे हवं होतं," जयदीप म्हणाला.

आणि तुम्ही काय हसताय? मघापासून ही चकलीची ताटली तुमच्यापुढे आहे, आणि सगळे एका सुरात 'नको, आत्ताच जेवलो.' माझं एकदा विचारून झालंय. उचलू आता?