आप्पांचा दुसरा पेला

कारल्याचा काढा पिताना ज्याच्या तोंडावर बासुंदी प्यायल्याचं समाधान दिसतं, असा माणूस अख्ख्या उज्जैनमध्ये एकच. आमच्या शेजारचे आप्पा.

मी मनोविकारांचा डॉक्टर. टावर चौकाजवळ दवाखाना आहे, पाटी आहे, एसी आहे. पेशंट मात्र तोंडाला रुमाल बांधून येतात, कोणी बघेल म्हणून! आणि हे रेल्वेतून रिटायर झालेले आप्पा सकाळी सातला ओट्यावर पातेलं घेऊन बसले की अर्धी गल्ली हजर. कोणाला झोप नाही, कोणाची सून बोलत नाही. आप्पा नाडी धरतात, डोळे मिटतात आणि म्हणतात, "सब निकल जाएगा. बोला तुम्ही." बस्स! माणूस रडून मोकळा. जळतो मी, खोटं कशाला बोलू?

त्यातून आप्पा स्वतःसाठी काढा गाळताना पितळेचे दोन पेले भरायचे. एक प्यायचे. दुसऱ्याला कोणी हात लावला की खेकसायचे, "ए, वो नहीं!" मला वाटायचं, एवढा लाडका आहे तरी कोण?

मग आप्पांच्या पायाची जखम चिघळली. शुगर भलतीच वाढलेली. मोठे डॉक्टर म्हणाले, इन्सुलिन घ्या, नाहीतर पाय जाईल. आप्पा म्हणाले, "अपना काढा है ना!" त्यांची मुलगी मंजू माझ्याकडे रडत आली. "दादा, तुम्हीच समजवा. माझं ऐकत नाहीत."

मी गेलो, तोही मनातून खूश होऊन. सापडलात ना शेवटी तावडीत! भाषण तयार होतं. पण आप्पांनी आधी माझीच नाडी धरली. "डॉक्टर, तुम्हाला झोप नाही." खरंच नव्हती. मी इतका चिडलो की भाषण विसरलो आणि भलतंच विचारून बसलो, "हा दुसरा पेला कोणाचा हो?"

आप्पांनी तो पेला जवळ ओढला.

"कुसुमचा, मंजूच्या आईचा. मला कडू उतरायचं नाही, म्हणून ती बरोबर बसून प्यायची. तिला कुठे शुगर होती? तीन वर्षं झाली जाऊन, पण पेला भरला जातो. तुमचे मोठे डॉक्टर म्हणतात, सुई लावा, काढा बंद करा. मग सकाळी मी कोणाबरोबर बसू?"

एवढी गल्ली ओट्यावर, आणि हा माणूस रोज एकटाच बसत होता. माझे डोळे भरून आले. तरी हेवा वाटायचा तो वाटलाच. माझ्यासाठी कोणी कारलं प्यायलंय का कधी?

मोठ्या डॉक्टरांना फोन केला, थोडा भांडलोही. शेवटी चिठ्ठीवर लिहिलं: आधी शुगर तपासणे, मग सुई, मग नाश्ता, मग अर्धाच पेला काढा.

"सुई टोचणार कोण?" आप्पा म्हणाले.

"मी."

दुसऱ्या दिवशी मी सुई टोचली. नाश्ता झाल्यावर आप्पांनी काढा गाळला, दोन्ही पेले अर्धे भरले आणि सगळ्या गल्लीदेखत दुसरा माझ्यापुढे सरकवला.

"बसा. मुझसे अकेले नहीं उतरता."

काय सांगू, जहर होतं नुसतं! मी एक घोट घेतला आणि ऐटीत सगळ्यांकडे बघितलं. जळा लेको!