मागून बघणारे देवजीकाका

देवजीकाकांनी मला राहायला खोली दिली, हे आधी सांगते. बाकीचं नंतर. मी कळंबकडची. अच्छाडच्या ढाब्यावर चपात्या लाटायला आले तेव्हा जवळच्या उधवा गावात मला कुत्रंही ओळखत नव्हतं. शाळा सातवीत सुटलेली, आणि चार माणसांसमोर उभं राहायची वेळ आली की मी कोणाच्या तरी मागे लपायची. काकांनी माझं नाव विचारलं नाही. माझ्याभोवती एक फेरी मारली, पाठीमागे थांबले आणि म्हणाले, "पाठ सरळ आहे. पाय जरा जवळ पडतात. चालेल."

मी घाबरून पिशवी उचलली. तेवढ्यात शेजारीण कुडावरून म्हणाली, "पळू नको गं. ते सरपंचालाही असंच बघतात."

काकांचं म्हणणं एकच, "मागून बघ." समोरून सगळेच बरे दिसतात, कारण तोंड धुता येतं. खरं काय ते मागच्या पायांत. प्लास्टिकची एक खुर्ची घ्यायची तर ते दुकानातल्या आठ खुर्च्या उलट्या फिरवतात. पुतणीला स्थळ आलं तेव्हा त्यांनी मुलाला विहिरीपर्यंत जाऊन यायला सांगितलं. त्याला वाटलं पाणी हवंय, तो बिचारा बादली घेऊन गेला. काका पाठीमागून निरखत राहिले. "चाल मोकळी. गुडघे साफ. भरल्या बादलीनं खांदा पडला नाही. द्या मुलगी." पुतणी आज सुखात आहे, त्यामुळे काकांना कोणी काही बोलू शकत नाही.

हे सगळं आलं शेळीवरून. काकांची मोगरी म्हणजे पांढरीशुभ्र सुरती शेळी. कासा गावच्या पशुप्रदर्शनात दुधाच्या शेळ्यांचा नंबर काढतात, तेव्हा शेळी नुसती नेऊन चालत नाही, उभी करावी लागते. त्याला माणसं दोन लागतात. एकानं पुढे हनुवटी धरून मान उचलायची. दुसऱ्यानं मागचे पाय फाकवून ठेवायचे, म्हणजे कास नीट दिसते, आणि पाठीवर एक बोट दाबायचं, म्हणजे पाठ सपाट होते. काका दोन वर्षं प्रदर्शनाला गेलेच नव्हते. का, ते मी विचारलं नाही.

मी उस्मानाबादी शेळ्यांच्या मुलखातली, हे कळल्यावर त्यांनी ठरवूनच टाकलं की पुढे मी धरायचं. मी म्हटलं, आमच्याकडे शेळीला कोणी उभी करत नाही, ती आपली आपण उभी राहते. काकांना माझ्या जिल्ह्याबद्दल फार वाईट वाटलं.

"मोगरीचं वय झालं," ते म्हणाले. "पुढल्या साली कास उतरेल. उभी राहिली तर याच साली."

त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट. म्हणून रोज पाच वाजता खळ्यावर आमचा सराव. मोगरी माझी ओढणी चघळायची, माझ्या पायावर पाय द्यायची आणि सारखी दोरीकडे बघायची. दोरीवर एक हिरवं लुगडं असायचं. काका ते रोज झटकून वाळत घालायचे. ते नेसणारं घरात कोणी नव्हतं. मला वाटलं, धान्य झाकायचं असेल.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी काकांनी धार काढली नाही, कास भरलेली दिसावी म्हणून. तिचं करडू लांब बांधलं. सकाळी ते इतकं रडत होतं की मला राहवेना. मी सोडलं. काका येईपर्यंत मोगरीची कास एका बाजूला टम्म फुगा, दुसऱ्या बाजूला रिकामी पिशवी. मी रडायला लागले. काका मागे उकिडवे बसून खूप वेळ बघत राहिले. मग करडाला उचलून फुगलेल्या बाजूला लावलं.

"आता दोन्ही बाजू सारख्या," म्हणाले. "डोळे पूस. जीप चुकेल."

जीपच्या मागेही ते थांबलेच. डावा मागचा पाय बसलाय म्हणाले. ड्रायव्हर हसला. तलासरीला चाक बदलताना तो हसत नव्हता.

कासा गावच्या मैदानात गुरांचे डॉक्टर वही घेऊन एकेक शेळी तपासत आमच्याकडे येत होते. मोगरीची हनुवटी माझ्या हातातून सुटत होती, ती गोल गोल फिरत होती. मला वाटलं, झालं, माझ्यामुळे सगळं गेलं. काकांनी पिशवीतून हिरवं लुगडं काढलं आणि माझ्या खांद्यावर टाकलं.

मोगरी थांबली. लुगड्यात नाक खुपसून तिनं एक श्वास घेतला, मान वर केली आणि चारी पाय आपणहून जागेवर ठेवले. काकांना पाठीवर बोटही ठेवावं लागलं नाही. मी पण हलले नाही. चार माणसं कुठली, अख्खं मैदान बघत होतं.

नंबर तिसरा आला. कास भरलेली नाही, असं डॉक्टर म्हणाले. बक्षीस म्हणून स्टीलची बादली मिळाली.

परतीच्या जीपमध्ये काका बादली मांडीवर घेऊन बसले होते. लुगडं त्यांनी घडी करून तिच्यात ठेवलं. "पुढे मंजी धरायची," म्हणाले. मंजी म्हणजे काकू; दोन वर्षांपूर्वी गेल्या. "मी सगळ्यांना सांगतो, मागून बघ. मला मागूनच कळतं. समोरून शेळी कशी दिसते, ते मंजी सांगायची." मग माझ्याकडे वळून, "आज कशी दिसत होती गं?"

मी सांगितलं. कान, डोळे, नाकपुड्या, सगळं. उधवा येईपर्यंत मी सांगत होते. ते डोळे मिटून ऐकत होते.

काका, एक दिवस मी गावाहून तुमच्यासाठी काळीभोर उस्मानाबादी शेळी आणीन. मागून तुम्ही बघा. समोरून मी सांगत जाईन.