गावातल्या अठरा निराधार

चौथ्यांदा रस्ता ओलांडून झाल्यावर मनुबाईंनी सांगून टाकलं, की आता पाचव्या पोराला आपल्याला पलीकडं न्यायचं असेल तर त्यानं आधी चहा पाजावा. सकाळपासून त्या हायस्कुलापुढच्या कुंडल रस्त्यावर इकडून तिकडं आणि तिकडून इकडं होत होत्या, आणि काम म्हणाल तर त्यांचं ना इकडं होतं ना तिकडं.

"आजी, तेवढं वीरधवलचं घेऊ, मग चहाच," स्काउटचे रोहन सर मोबाईल सावरत म्हणाले.

"घ्या की. पन त्याला सांगा, माझं मनगाट जरा सैल सोड. मला पलीकडं न्यायला आलाय का माझ्या आधारानं चाललाय?"

वीरधवल दुसरं करत होता. आठवीतलं पोर, गाडीतून शाळेत येणारं आणि गाडीतून जाणारं. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर हलत-डुलत आला तशी त्यानं मनुबाईंच्या पदराआड मान घातली. मनुबाईंनी हात वर करून ट्रॅक्टर थांबवला, ड्रायव्हरला त्याच्या बापाच्या नावानं हाक मारून गाण्याचा आवाज कमी करायला लावला, आणि पोराला पलीकडं नेऊन सोडलं. फोटोत मात्र झक्क आलं होतं. खाकी गणवेशातला स्काउट, गळ्यात स्कार्फ, आणि त्यानं हाताला धरलेली म्हातारी. कोण कुणाला नेतंय, हे फोटोत कळत नाही.

मनुबाईंना असल्या नाटकाची हौस नव्हती. साडेतीन एकर ऊस, दारात दोन म्हशी, बचत गटाचं अध्यक्षपद आणि सगळ्या आळीला पुरून उरणारी जीभ, एवढं असताना कुणाच्या हाताला धरून चालणं त्यांना जन्मात जमलं नसतं. पण हे पथक त्यांच्या मालकांचं होतं. हवालदार दादासो पलटणीतून पेन्शनवर आले आणि एक पैसा न घेता त्यांनी हे स्काउटचं पथक उभं केलं. त्यांच्या वेळी पंचेचाळीस पोरं होती. तीन दगडांच्या चुलीवर भाकऱ्या थापायची, अर्ध्या कच्च्या खायची, आणि आईबाप पोरगं शिबिराला धाडलंय हे विसरून जायचे.

आता शाळेत पोरं तीनशे आणि पथकात अठरा. कुणाची इस्लामपूरला शिकवणी, कुणाची क्रिकेटची अकॅडमी. उरलेल्यातली निम्मी गुणांसाठी येतात. मागल्या वर्षी शिबिराच्या पहिल्याच संध्याकाळी अकरा आयांचे फोन आले, आणि त्यातल्या एकीनं तंबूत चार्जिंगची सोय काय म्हणून सरांना दहा मिनिटं फैलावर घेतलं. गावात अजूनही पथकाला कुणी शाळेचं पथक म्हणत नाही, दादासोंचं पथक म्हणतात. माणूस जाऊन नऊ वर्षं झाली. त्याचं नाव घ्यायला गावाकडं आता एवढंच एक निमित्त राहिलं होतं, आणि तेही जायला निघालं होतं.

कारण सांगलीच्या ऑफिसातून निरोप आला होता. आता सगळं मोबाईलवर. महिनाअखेर प्रत्येक स्काउटचं आणि गाइडचं एकेक सत्कृत्य फोटोसकट चढलं पाहिजे. एक जरी कमी भरलं तरी पथक निष्क्रिय, म्हणजे बंद. दादासो पोरांना सकाळी स्कार्फच्या टोकाला गाठ मारायला लावायचे. दिवसभरात कुणाचं तरी काम करायचं, गाठ सोडायची आणि गप बसायचं. हे नवं गप बसण्यातलं नव्हतं.

बरं, ऐन गाळपाचा हंगाम. गावातल्या म्हाताऱ्या जनावरांना उसाचं वाडं आणायला शिवारात गेलेल्या. ज्या घरी होत्या त्यांनी पोरांना दारातूनच हाकललं होतं, "आमाला काय झालंय रं मदत करायला?" राहता राहिल्या मनुबाई. त्यांची नात संयोगिता पथकात गाइड. कोरोनात साताऱ्याहून आजीकडं आली ती इथंच राहिली, यंदा दहावीला होती. तिनं आजीपुढं हात जोडले, आणि मनुबाईंनी एका दिवसात अठरा वेळा मदत करून घेतली. सहादा रस्ता, पाचदा घागर, चारदा जिना, आणि तीनदा चष्मा शोधून देणं. मनुबाईंना चष्मा नाही. तो सरांचाच होता.

घोटाळा फोटो चढवताना झाला. ते काम ऋषिराजकडं होतं. दहावीतला सगळ्यात सरळ मुलगा. मोबाईलनं विचारलं, मदत कुणाला केली? खाली यादी होती, दिव्यांग, पूरग्रस्त, निराधार वृद्ध, इतर. 'इतर' दाबलं की पान पुढं सरकतच नव्हतं. सर म्हणाले, "निराधार वृद्ध दाब." दाबलं. पहिला फोटो मनुबाईंच्या नावानं चढला. दुसऱ्याला मोबाईल अडला. एका माणसाला एकदाच मदत करता येत होती.

"सर, नाव चालंना."

"अरे, घाल काहीतरी. आज शेवटची तारीख आहे."

काहीतरी घालणं ऋषिराजच्या स्वभावात नव्हतं. खोटी नावं कशी लिहायची? त्यानं खरी लिहिली. शेजारच्या हौसाबाईपासून सुरुवात करून गावातल्या सतरा आज्या त्यानं नावानिशी, आडनावानिशी, वयासकट चढवल्या. पथक वाचलं. सरांनी पोरांना भेळ खायला घातली.

आठ दिवसांनी मनुबाई सोप्यात शेंगा फोडत बसल्या असताना सर आले ते उन्हात वाळत घातलेल्या पापडासारखा चेहरा करून.

"आजी, राजेश्वरी मॅडमचा फोन होता, सांगलीच्या ऑफिसातून. एका गावात अठरा निराधार म्हाताऱ्या बघून त्यांना रडू आलं म्हणे. कुणा दात्याकडून अठरा चादरी घेऊन शनिवारी येताहेत. प्रत्येकीला स्वतः भेटणार."

"मग?"

"मग आपल्याकडं एकच आहे. आणि तीही निराधार नाही."

मनुबाईंनी हातातली शेंग फोडली, दाणे वेगळे केले, टरफल वेगळं केलं. "न्हाई भेटल्या तर?"

"खोटे फोटो म्हणून पथक बंद. माझं काय व्हायचं ते होईल, पण दादासोंच्या पथकावर तसा शेरा पडेल."

तेवढ्यात साताऱ्याहून लालासाहेबाचा फोन आला. मनुबाईंचा थोरला, संयोगिताचा बाप, पाटबंधारे खात्यात. ती यादी कुणीतरी त्याच्या मोबाईलवर पाठवली होती.

"आई, हे काय? तू निराधार कवा झालीस?"

"तुला कळाया आठ दिस लागलं, ह्यावरनंच समज," म्हणून मनुबाईंनी फोन ठेवला आणि चपला घातल्या.

पहिल्यांदा त्या गेल्या जावेकडं, हौसाबाईंकडं. त्यांचा मुलगा सुभेदार, दारात ट्रॅक्टर, घरावर दोन मजले.

"माझं पोरगं सुभेदार, आन मी निराधार?" हौसाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "कुना भाड्यानं लिवलं हे? दारात ट्रॅक्टर दिसंना व्हय?"

"दिसतोय की. पानी तापवून देतो का गं तुझा ट्रॅक्टर?"

"तुझी जीब लय चालतीया मने."

"शनवारी तासभर पुरती चालवायची हाय. तुजं पोरगं भरतीला उभं ऱ्हायलं तवा पहाटं पळाया कोन न्यायचं त्याला?"

हौसाबाईंचे कमरेवरचे हात खाली आले. दादासोच न्यायचे. मग म्हणाल्या, "येते. पन गळ्यातली बोरमाळ काडनार न्हाई. निराधार आसले तरी सुभेदाराची आई हाय मी."

पलीकडच्या आळीत मुक्ताबाई. चाळीस वर्षं अंगणवाडीत मदतनीस, गावातलं निम्मं पोर तिच्या हातची खिचडी खाऊन मोठं झालेलं. तिनं मनुबाईंना पाणी दिलं, बसायला पाट दिला आणि मग फैलावर घेतलं.

"बचत गटाच्या सहलीला मला बोलवायचं सुचलं न्हाई तुमाला. निराधारात बरी आठवन झाली."

मनुबाईंना उभ्या आयुष्यात कुणाची माफी मागायची सवय नव्हती. त्यांनी पाण्याचा तांब्या रिकामा केला. "चुकलं माझं. आता येनार का न्हाई?"

"येते. दादासो साहेबांनी माझ्या रोहिदासला पैल्या दिशी पथकात घेतलं हुतं, तवा दोन पालकांनी पोरं काडून नेली. साहेब म्हनलं, जाऊ द्या, जागा झाली. त्यांच्यासाठी येते, तुमच्यासाठी न्हाई."

असं करत मनुबाई दोन दिवस गावभर फिरल्या. कुणाची विनवणी, कुणाला दमदाटी. एकीला तर नवी साडी नेसून निराधार व्हायचं होतं, तिची समजूत घालता घालता दिवस मावळला. पण सतराच्या सतरा तयार झाल्या.

शनिवारी शाळेच्या व्हरांड्यात अठराजणी रांगेनं बसल्या. हौसाबाईंनी बोरमाळ पदराआड घातली होती, पण पदर दर दोन मिनिटांनी मुद्दाम सरकत होता. समोर स्काउट-गाइड सावधान. राजेश्वरी मॅडम पन्नाशीच्या, सुती साडी, शांत आवाजाच्या. त्यांनी टेबलावर चादरी ठेवल्या, अठरा कोरे फॉर्म काढले आणि एकेकीला समोर बसवून विचारायला सुरुवात केली.

"हौसाबाई, घरात कोण कोण असतं?"

"मी."

"आणखी?"

"मुलगा पलटनीत. सून-नातवंडं त्याच्यासंगं, क्वार्टरात. दिवाळीला येत्यात." हौसाबाईंनी बोरमाळ पदराआड सारली. "औंदा न्हाई आलं. सुट्टी घावली न्हाई."

"आजारी पडलात तर?"

"पडत न्हाई."

पुढं मुक्ताबाई. "रोहिदास पुन्याला कंपनीत. दोन खोल्या हायत त्याच्या, चार मानसं. पाचवं कुटं मावायचं?"

मॅडम लिहीत गेल्या. कुणाची पोरं मुंबईला, कुणाची बंगळुरूला, कुणाची सून मुलांच्या शाळेसाठी इस्लामपूरला खोली घेऊन राहिलेली. एक म्हातारी म्हणाली, दिवसातून दोनदा मोबाईलवर नातू दिसतो. दुसरी म्हणाली, टीव्ही बंद करत नाही, घरात कुणीतरी बोलत असलेलं बरं. मनुबाई ऐकत होत्या. खोटं कसं बोलायचं हे त्यांनी प्रत्येकीला दोनदोनदा शिकवलं होतं. एकीनंही त्यातलं काही वापरलं नव्हतं.

दहाव्या फॉर्मापाशी मॅडमनी मोबाईलमधला फोटो उघडला, समोरच्या बाईकडं बघितलं, परत फोटोकडं बघितलं. मग दुसरा फोटो. मग तिसरा.

"सर, ह्या सगळ्या फोटोत एकच बाई आहेत."

रोहन सर उभ्या उभ्या पांढरे पडले. ऋषिराजनं पुढं पाऊल टाकलं, पण त्याच्या आधी मनुबाई उठल्या.

"मी हाय ती. अठराच्या अठरा. पोरांचा काय दोष न्हाई, सरांचा न्हाई. पथक माझ्या मालकांनी काडलेलं. बंद पडू दिलं तर त्यांचं नाव घ्यायला गावात काय उरतंय? म्हनून मीच फिरून ह्या समद्यांना खोटं बोलाया आनलं."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. भरलेले फॉर्म चाळून त्यांनी पहिला वर काढला. मग म्हणाल्या, "हौसाबाई, आता खरं सांगा. घरात कोण असतं?"

"आवं, सांगितलं की मगाशी," हौसाबाई वैतागल्या. "आले हुते खोटं बोलायलाच. पन तुमी इचारलंसा तवा दुसरं काय सांगू? हाय कोन?"

मुक्ताबाईंनी चष्म्याच्या काचा पदरानं पुसल्या आणि पुसतच राहिल्या.

मॅडमनी उरलेले फॉर्म भरले. भरून झाल्यावर त्या पोरांकडं वळल्या. "फोटो सगळे रद्द. यादी मात्र बरोबर आहे. आजपासून प्रत्येकाला एक आजी. शनिवारी तासभर तिच्या घरी जायचं. पाणी भरा, दळण आणा, नाहीतर नुसते बोलत बसा. फोटो काढायचा नाही. मार्चमध्ये मी येऊन आज्यांना विचारीन. त्यांनी हो म्हटलं तर पथक राहील."

"आन न्हाई म्हनलं तर?" हौसाबाईंनी विचारलं.

"तर बंद."

हौसाबाईंनी आपल्या वाटणीला आलेल्या वीरधवलकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. "दळान उचलंल का हे? चल रं." आणि चादर त्याच्या डोक्यावर दिली. एकेक म्हातारी आपापलं पोर घेऊन निघाली. मुक्ताबाई जाताना ऋषिराजला विचारत होत्या, तुला खिचडी आवडते का.

शेवटचा फॉर्म मनुबाईंचा. टेबलावर एकच चादर उरली होती.

"घरात कोण?"

"ही नात. संयोगिता. शेतात गडी येतो. म्हशी हायत." मनुबाईंनी मान ताठ केली. "मला काय कमी न्हाई."

"मग तुम्ही ह्यात बसत नाही, आजी." मॅडम हसल्या, चादर त्यांनी पिशवीत घातली आणि नावावर रेघ मारायला पेन उचललं. उचलता उचलता संयोगिताला विचारलं, "दहावी ना? पुढं काय करणार?"

संयोगिता स्कार्फचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "पप्पांनी साताऱ्याला ॲडमिशनचं बघून ठेवलंय. जूनपासून अकरावीला तिकडंच." मग हळूच म्हणाली, "आजीला अजून सांगितलं नव्हतं."

रस्त्यावरून उसाची ट्रॉली गेली. तिचा खडखडाट पार वळणापर्यंत ऐकू येत राहिला. मनुबाईंनी नातीकडं बघितलं नाही. त्या टेबलाजवळ गेल्या, आणि रेघ मारायला टेकलेल्या पेनावर त्यांनी हात ठेवला.

"खोडू नगासा, बाई," त्या म्हणाल्या. "तसंच ऱ्हाऊ द्या. जूनला लागंल."