अक्कांचा तिसरा मजला

आमच्या सांगलीच्या कॉलनीत पद्माक्का न बांधलेल्या इमारतीचे मजले दाखवतात. घरासमोरच्या मोकळ्या प्लॉटवर हवेत बोट करायचं आणि सांगायचं, "त्यो तिसरा मजला. आमचा महावीर तितं ऱ्हानार." महावीर म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, पुण्यात नोकरीला. नवखा पाहुणा डोळे बारीक करून बघतो. तिथं एक बाभूळ आणि दोन शेळ्या.

"गॅलरी उगवतीला हाय," अक्का पुढं सांगतात.

तो प्लॉट बागेसाठी राखीव. एका बिल्डरनं आरक्षण उठवून फ्लॅट बांधायला परवानगी मागितली, तेव्हा सगळी कॉलनी विरोधात गेली. अक्का एकट्या बाजूनं. कुणी तिथं रोप लावायला गेलं, की फाटकातून हाक यायची, "आवं, कुनाच्या सैपाकघरात झाड लावताय?"

मी म्हटलं, "अक्का, झाडं नकोत का तुम्हाला?"

"झाडाला हाक मारली तर ओ देतंय व्हय गं? आन् तासगावच्या पोरी रोज एसटीला लोंबकळत हितं कामाला येत्यात. त्यास्नी घर नगं?"

मी विषय बदलला. "पण महावीर तिसऱ्याच मजल्यावर का?"

"माज्या चुलीपासनं दिसतंय तितलं. आमटी झाली की खिडकीतनं हाक मारायची."

महापालिकेतल्या सुनावणीला अक्का ठेवणीतलं जरीकाठी लुगडं नेसून आल्या. साहेबांनी विचारलं, "आजी, तुमचं काय म्हणणं?"

"निम्म्यात बाग करा, निम्म्यात घरं बांधा. पन मानसं आना."

सगळे हसले. साहेब हसले नाहीत, पण निकाल पूर्ण बागेचाच लागला.

संध्याकाळी मी समजूत घालायला गेले. अक्का आमटी ढवळत होत्या.

"वाईट वाटलं ना? आता महावीर..."

"त्येनं दिवाळीतच पुन्यात फ्लॅट घेतला गं. वास्तुशांतीला जाऊन आले की मी."

"मग एवढं भांडलात कशाला?"

"हितं घर न्हाई म्हनून येत न्हाई, आसं सांगायला बरं वाटायचं. आन् तितं दुसरं कुनी ऱ्हायलं आस्तं, तरी हाकंला ओ तर दिली आस्ती."

आमटी उकळत राहिली. मग खिडकीबाहेर बघत त्यांनी विचारलं, "बाग झाल्यावर तू कवा येशील फिरायला?"

"येईन की संध्याकाळी."

"रोज?" अक्कांनी विचारलं, आणि आमटी उतू चालली तरी गॅस बंद न करता त्या माझ्या तोंडाकडं बघत उभ्या राहिल्या.